प्रमिलाताईची पहिली प्लेट

आमच्या लॅबमध्ये चांगली प्लेट ओळखायची एक खूण होती. मोजायचा चिमटा प्लेटमधून वर काढला की त्याच्या टोकाला चिकट तार यायची. तार आली की हाताखालच्या मुली खूश व्हायच्या. "मॅडम, ही पण चिकटली!" असं ओरडून सांगायच्या, आणि आकडा बघायच्या आधीच मला कळायचं की तो हजाराच्या वर असणार. तार टिश्यूने पुसायची, चिमटा स्पिरिटमध्ये बुडवायचा, की पुढची प्लेट. सात वर्षं मी हे केलं. आज ते आठवलं की किळस येते.

मी वैजयंती निखारे. नागपूरहून बुटीबोरीकडे जाताना लागणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये मी पडदा विभागाची प्रमुख होते. पडदा म्हणजे काय, हे आता शाळकरी पोरंही सांगतील, तरी एकदा नीट सांगते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या इतर वाहिन्यांसारख्या नसतात. त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातलं भलतंसलतं काही मेंदूत शिरत नाही. वय वाढतं तशी कुणाकुणाची ही शिवण उसवते. एरवी ते कळतही नाही. पण स्मृतिभ्रंशावरचं इंजेक्शन आलं आणि शिवणीला महत्त्व आलं. ते इंजेक्शन मेंदूत साचलेला गाळ खरवडून काढतं. शिवण घट्ट असेल तर माणूस आहे तिथे थांबतो, पुढे विसरत नाही. शिवण उसवलेली असेल तर त्याच इंजेक्शनने मेंदूला सूज येते, आत रक्त पाझरतं, आणि माणूस आठवडाभरात जातो.

जिवंत माणसाच्या मेंदूतला तुकडा तर काढता येत नाही. म्हणून आम्ही दंडातून रक्त घ्यायचो, त्यातल्या पेशींना औषधं देऊन गर्भातल्या पेशींसारखं कोवळं करायचो, आणि मग त्यांना असा खुराक द्यायचो की त्या मेंदूच्या वाहिनीच्या पेशी व्हाव्यात. जाळीचा तळ असलेल्या इवल्याशा पेल्यांत त्या पेरायच्या. त्या जाळीवर अंथरूण घातल्यासारख्या पसरतात. मग चिमट्याचं एक टोक वर, एक खाली ठेवून बारीकशी वीज सोडायची. शिवण घट्ट असेल तर वीज अडते आणि ओहमचा आकडा मोठा येतो. जोडीला वरून चमकणाऱ्या साखरेचा थेंब टाकायचा आणि तासाभराने खाली किती साखर उतरली ते बघायचं. हजाराच्या वर आकडा आणि साखर वरच, तर पडदा घट्ट. द्या इंजेक्शन.

आता माझा स्वतःचा एक नियम. सुरुवातीला पुष्कळ प्लेटा दोनशे-तीनशेच्या यायच्या. माणसाचा पडदाच वाईट आहे की आमचं पीक नीट आलं नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी ठरवून टाकलं की पाचशेच्या खाली आलं तर पीक बुडालं. ती प्लेट अहवालात घ्यायची नाही, 'फेल'चा शिक्का मारून साठवणीच्या फ्रिजमध्ये टाकायची आणि नव्याने पेरायचं, लागलं तर खुराक थोडा बदलून. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आकडा यायचाच. याला मी चिकाटी म्हणत होते. मला त्याबद्दल बक्षीसही मिळालं, पितळेची पट्टी आणि शाल.

आपल्या लोकांच्या हाती आकडा पडला की ते त्याचं काय करतात, हे वेगळं सांगायला नको. लग्नाच्या बायोडाट्यात उंचीच्या खाली पडदा लिहिला जाऊ लागला, मुलाचा, मुलीचा आणि दोघांच्या आईवडिलांचा. आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी पाटीवर पदवीशेजारी 'पडदा १७२०' असं रंगवून घेतलं. जे अजून काही विसरत नव्हते तेही नुसता आकडा काढायला यायचे. मॅनेजमेंटने हे ओळखून दर शनिवारी 'पडदा-दर्शन' सुरू केलं. माणसं सहकुटुंब यायची, मोठ्या स्क्रीनवर स्वतःच्या पेशी बघायची, फोटो काढायची आणि पेढे वाटायची. एकाने तर प्लेटला हळद-कुंकू लावायची परवानगी मागितली होती. मी नको म्हणाले, पण आमच्या संचालकांनी, देशकर सरांनी, झाकणावर लावू दिलं.

माझी थोरली बहीण प्रमिला, प्रमिला पराते, हिचं पाचपावलीला सावजी भोजनालय आहे. तीस वर्षं तिने तिथला मसाला स्वतः वाटला आणि मटण स्वतः साफ केलं. माझ्या लॅबमधल्या शेवटच्या वर्षी ती भाजीत दोनदा मीठ टाकायला लागली. मग गिऱ्हाइकांची नावं विसरायला लागली, आणि एक दिवस तिने मलाच विचारलं, "तुझं लग्न झालं का वो?" मी तिचं रक्त स्वतः काढून नेलं. पहिली प्लेट दोनशे दहा. साखर अर्ध्या तासात खाली. फेल. दुसरी चारशे, तीही फेल. तिसरी सोळाशे चाळीस. अहवालावर सही माझी. इंजेक्शन पुढच्या गुरुवारी ठरलं, आणि त्याच आकड्यावर तिच्या हर्षलचं लग्नही ठरलं. मुलीकडच्यांनी आधी मुलाच्या आईचा पडदाच विचारला होता.

त्या शनिवारी सगळे आले. ताई, देवानंद भाऊजी, हर्षल आणि मुलीचे वडील. मी प्लेटचं झाकण काढून कॅमेरा वर आणत होते. मुलीचे वडील फोटोसाठी फोन सरसावून उभे होते. तेवढ्यात ताईने पुढे होऊन सरळ पेल्यात बोट घातलं.

"ताई!" मी किंचाळलेच.

तिने बोट वर काढलं. अंगठा आणि बोट जुळवून लांब केलं तर मध्ये चांगली वीतभर तार आली. तिने ती डोळ्यांसमोर धरली, मग नाकाशी नेली. 

"हे कोणाचं होय?" तिने विचारलं.

"तुझं आहे ताई. तुझ्या मेंदूच्या वाहिनीचं अस्तर."

"नाही वो. हे तं आतडं होय."

मुलीचे वडील हसले. म्हणाले, "ताईंना दुकान आठवलं." हर्षलने मान खाली घातली. भाऊजी घाईघाईने म्हणाले, "तिचं काही मनावर घेऊ नका, गुरुवारनंतर होते सगळं ठीक." मी ताईला बेसिनपाशी ओढत नेलं, तिची बोटं साबणाने खसाखसा घासली आणि दात खाऊन म्हणाले, "गप्प बस ना जरा. लोकांसमोर काय हे!" माझ्या सख्ख्या बहिणीची मला त्या क्षणी किळस आली होती. हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच आहे.

रविवारी सकाळी तिची समजूत काढायला मी पाचपावलीला गेले. ती मोरीत घमेलं घेऊन बसली होती. बकऱ्याची आतडी उलटी करून धूत होती. शनिवारचं तिला काही आठवत नव्हतं. माझं नाव मात्र त्या दिवशी आठवत होतं.

"वैजू, बस. इथं जवळ बस."

मी पाटावर बसले आणि घमेल्यात बघितलं. तिच्या बोटांमधून तीच तार निघत होती. तशीच पारदर्शक, तशीच लांबणारी, तुटली की बोटावर गोळा होणारी. मी सात वर्षं टिश्यूने पुसत होते तीच. 

"ताई, हे असं चिकट असतंच का?"

"आतड्याचं असतेच. आतून शेंबूड सोडते ना ते, नाही तं अन्न सरकन कसं? तीन पाणी लागते याले."

"आणि मेंदूच्या नसांचं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं विसरभोळी मीच होते. उठून फ्रिजमधून भेज्याची वाटी आणली आणि नखाने त्यावरची बारीक लाल नसांची जाळी अलगद सोलून माझ्या तळहातावर ठेवली. "हे पाय. आहे का याले चिकट? नसा कुठं शेंबूड सोडतेत बाप्पा!"

नव्हतंच चिकट. तळहातावर ती जाळी ओल्या मलमलीसारखी पडून होती. मी जीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई, पडदा विभागाची प्रमुख, आणि मला हा प्रश्न सात वर्षांत एकदाही पडला नव्हता. शेंबूड समोर दिसत होता आणि मी त्याला गुणवत्ता म्हणत होते.

सोमवारी लॅबमध्ये पोचल्या पोचल्या मी साठवणीच्या फ्रिजमधून ताईची 'फेल' झालेली पहिली प्लेट काढली. शेजारी तिसरी ठेवली, सोळाशे चाळीसवाली. दोन्हींवर दोन रंग चढवले. एक रंग फक्त रक्तवाहिनीच्या पेशींना धरतो आणि लाल चमकतो, दुसरा फक्त आतड्यासारख्या अस्तराच्या पेशींना धरतो आणि हिरवा चमकतो. सात वर्षांपूर्वी आमची पद्धत बसवताना जी खूण तपासली होती ती या दोन्ही प्रकारच्या पेशींत सापडते, हे मला त्या दिवशी जुने कागद चाळताना कळलं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आकडे छान येत होते.

दुपारी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिसरी प्लेट हिरवीगार होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. लाल ठिपका शोधून सापडेना. मोठा आकडा येणारच होता, आतड्याचं अस्तर घट्टच असतं. आम्ही दर वेळी खुराक बदलत आकड्याच्या मागे गेलो आणि पेशी हळूहळू आम्हाला हवा तो आकडा देणाऱ्या झाल्या, पण वाहिनीच्या राहिल्या नाहीत. खऱ्या वाहिनीच्या पेशी ज्या प्लेटांत होत्या, त्या मी माझ्या नियमाने फ्रिजमध्ये टाकत होते.

पहिली प्लेट लाल होती. ताईच्या वाहिनीचं खरं अस्तर तेच होतं. आणि तिची शिवण जागोजागी उसवली होती, पेशींच्या मध्ये काळ्या फटी दिसत होत्या. खात्रीसाठी मी आणखी दहा जणांच्या फेल प्लेटा काढून रंगवल्या. त्याही लाल होत्या, आकडे त्यांचेही दोनशे-तीनशेच होते. पण त्यांच्यातल्या आठांची शिवण शाबूत होती. म्हणजे खऱ्या वाहिनीचा आकडा प्लेटमध्ये लहानच येतो, आणि तरीही चांगली शिवण आणि उसवलेली शिवण वेगळी ओळखता येते. मी ताईच्या दोन्ही प्लेटांची चित्रं काढली आणि देशकर सरांकडे गेले.

देशकर सर म्हणजे गोड बोलणारा माणूस, कधी आवाज चढवत नाही. त्यांनी दोन्ही चित्रं बघितली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली.

"वैजयंतीताई, आकडा चुकला आहे का?"

"नाही सर. आकडा बरोबर आहे. पेशी चुकल्या आहेत."

"आपण प्रमाणपत्रात काय लिहितो? 'रुग्णाच्या पेशींपासून वाढवलेल्या थराचा विद्युतरोध.' हो ना? थर कसला, हे कुठे लिहितो?"

मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"मला समजलं आहे हो. दोन वर्षांपूर्वी एका ज्युनिअर मुलाने हेच दाखवलं होतं. आपण पद्धत सुधारू, टप्प्याटप्प्याने. पण एकदम बोभाटा केला तर अकरा हजार कुटुंबं घाबरतील. लोकांच्या मनाचा विचार करावा लागतो. तुमच्या ताईंचं हवं तर इंजेक्शन गुपचूप पुढे ढकला, मी बघतो."

दोन वर्षं याला माहीत होतं. दर शनिवारी हा माणूस दारात उभा राहून माणसांना पेढे भरवत होता. टेबलावर त्या दिवशीही डबा होता आणि सवयीने त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. मी उठले. खोटं कशाला बोलू, मला त्यांची जेवढी शिसारी आली त्याहून जास्त माझी आली. थर कसला हे ते लिहीत नव्हते, आणि खाली सही मी करत होते.

मंगळवारी दुपारची गर्दी ओसरल्यावर मी भोजनालयात गेले. भाऊजी गल्ल्यावर होते, हर्षल फोनवर निमंत्रणांची यादी करत होता. ताई आतल्या बाजूला लसूण सोलत होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं. तिसरी प्लेट तिच्या वाहिनीची नव्हती, पहिली होती, पहिलीत शिवण उसवली आहे, आणि गुरुवारी इंजेक्शन दिलं तर ती बहुतेक जाईल.

भाऊजी उभे राहिले. "तूच सही केली ना?"

"हो."

"मग आता काहून पलटून राहिली? सोळाशे चाळीस म्हणाली तू. साऱ्या नात्यात सांगितलं आम्ही."

"भाऊजी, तो आकडा आतड्याचा होता."

"आता मुलीच्या बापाले काय सांगू? माझ्या बायकोच्या डोक्यात आतडं निघालं म्हणून?" त्यांचा आवाज फुटला. "दुसऱ्या लॅबमध्ये करू. त्यांचा येईन बरोबर."

"सगळ्या लॅब आमचीच पद्धत वापरतात."

"इंजेक्शन नाही घेतलं तं ती आपल्याले विसरते, हे समजते का तुले? माझं नाव विसरते ती! हे शेवटचं औषध होतं."

मला ते समजत होतं. पर्याय दोनच होते. इंजेक्शन घेऊन मरायचं, किंवा न घेता एकेक माणूस विसरत जायचं.  हर्षल फोन ठेवून आईकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, लग्न होईपर्यंत निदान सांगू नको ना कोणाला. इंजेक्शन पुढे ढकलू. कारण काहीही सांगू." पंचवीस वर्षांच्या पोराच्या तोंडून मला देशकर सर ऐकू आले.

लसूण सोलायचा आवाज थांबला. ताई बाहेर आली. तिला सगळं कळलं होतं की अर्धं, कोण जाणे. पण तिने मला जे विचारलं ते अगदी नेमकं होतं.

"माझं खरं होतं ते तू फेकलं?"

"फ्रिजमध्ये ठेवलं ताई. पण हो. फेकलंच."

"काहून?"

"आकडा लहान होता म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं. सडका तुकडा हाताला लागल्यावर व्हायचं तसं. राग मी सहन केला असता, ती माझ्यावर लहानपणापासून रागवत आली आहे. हे मी आजवर तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी कधी बघितलं नव्हतं.

"शी वो," ती म्हणाली. मग भाऊजींकडे वळली. "मले मरायचं नाही. विसरलं तं विसरलं. तुम्ही सांगा ना मले रोज तुमचं नाव. पोरीवाल्याइले खरं सांगा. ज्याले माझी बिमारी चालत नसन, त्याले माझं पोरगं काहून द्यायचं?"

भाऊजी मटकन खाली बसले आणि गल्ल्यावर डोकं टेकून रडले.

लग्न मोडलं. मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र होतं. हर्षल सहा महिने माझ्याशी बोलला नाही. मी सगळ्या चित्रांसह औषध खात्याला पत्र लिहिलं आणि वर्तमानपत्रांनाही दिलं. लॅबने मला काढलं आणि 'पद्धतीत सुधारणा' असं छोटंसं निवेदन दिलं. चौकशी समिती नेमली गेली, ती अजून बसतेच आहे. इंजेक्शनं मात्र थांबली. माझ्याकडे सह्यांच्या नोंदी होत्या. त्यावरून मी स्वतः घरोघरी फोन लावायला घेतले. कुणी आईवरून शिव्या दिल्या, कुणी मी विरोधी लॅबची दलाल आहे म्हणाले. दातांच्या डॉक्टरांनी पाटी तशीच ठेवली आहे. आणि काही घरांत फोन उचलणारा म्हणायचा, "ते तर इंजेक्शननंतर आठव्या दिवशीच गेले. तुम्हीच म्हणाला होतात ना, पडदा घट्ट आहे." अशी एकशे बारा घरं आत्तापर्यंत झाली आहेत, आणि प्रत्येक घराला वाटत होतं की आपल्याच माणसाचं नशीब वाईट. अजून अर्धे फोन बाकी आहेत.

याला आता दीड वर्ष झालं. दर रविवारी दुपारी मी पाचपावलीला जाते. ताई आता कुणालाच ओळखत नाही. भाऊजी रोज सकाळी तिला स्वतःचं नाव सांगतात, ती मान डोलावते आणि दुपारपर्यंत विसरते. पण तिचे हात शाबूत आहेत. अजून मटण तीच साफ करते आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं माझ्याशी आदराने बोलते.

"कुठं काम करता तुम्ही?" दर रविवारी हे विचारतेच.

पहिल्यांदा मी थाप मारली होती. शाळेत शिकवते म्हणाले. पण मला घास गिळेना. तेव्हापासून मी सगळं सांगते, पहिल्यापासून. प्लेटा, चिकट तार, माझा नियम, फ्रिज, पेढे, माझी सही. ती हातातलं काम थांबवून ऐकते. आतड्याचं येतं तिथे तिचं तोंड दर वेळी तसंच वाकडं होतं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. तिच्यासाठी ते पहिलंच असतं. बाकीच्यांना माझ्या गोष्टीची सवय झाली आहे. वर्तमानपत्रांनाही झाली, समितीलाही झाली, आणि खरं सांगायचं तर फोन लावता लावता माझा आवाजही सरावला आहे. फक्त तिला ती होत नाही.

गेल्या रविवारी ऐकून झाल्यावर तिने घमेलं बाजूला सारलं.

"शी वो, बाई," ती म्हणाली. "इतके लोक! आणि तुमच्या त्या बहिणीचं काय झालं मग?"

"ती वाचली," मी म्हणाले.

"बरं झालं बाप्पा." तिने माझ्यापुढे ताट ठेवलं, पण वाढायला घेतलेला डाव पातेल्यावरच थांबवला. "तुम्ही आधी हात धुऊन या. मग वाढते."